उभ्या घराचा अर्ज

फार पूर्वी, डोंगरांची उंची अजून कुणी मोजली नव्हती तेव्हा, एका राज्याच्या टोकाला एक गड होता. घारीसुद्धा तिथे यायच्या तर वाटेत एक मुक्काम करून येत. थंडी अशी की शेगडीतला विस्तव घोंगडी मागे. विश्वास बसत नसेल तर राहू द्या, पण पुढचं मात्र नीट ऐका.

त्या गडावर एक शिपाई होता. दोर धरून सरळ कडा उतरायचा, भीती कशाशी खातात ते त्याला ठाऊक नव्हतं. एक दिवस गावाहून शेजारणीचा निरोप आला. "तुझे वडील आताशा सगळं विसरतात. दोनदा विहिरीच्या काठावरून हात धरून आणलं. पौर्णिमेनंतर मी लेकीच्या बाळंतपणाला जाणार. मग त्यांच्याजवळ कुणी नाही."

आता गडाची रीत अशी होती. घरच्या अडचणीपायी ज्याला गावाजवळच्या चौकीवर बदली हवी, त्याने सकाळच्या हजेरीत सगळ्यांसमोर कारण सांगायचं. किल्लेदार जासूद धाडून खात्री करून घेई. कारण खरं निघालं तर बदली. खोटं निघालं तर वर्षभर अर्ज बंद.

शिपाई अडखळला. त्याचे वडील एकेकाळचे नामांकित पट्टेबाज. ते आता जेवलो की नाही हेही विसरतात, हे चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगायचं? तो गडावरच्या आचाऱ्याकडे सल्ल्याला गेला.

"म्हातारा विसरतो, हे काय कारण झालं?" आचारी पळी हलवत म्हणाला. "काल मी आमटीत मीठ विसरलो, मला दिली का कुणी बदली? घर पडलं म्हण, गड्या. पडलेल्या घराला कुणी हसत नाही."

शिपायाला ते पटलं. दुसऱ्या दिवशी हजेरीत तो म्हणाला, "सरकार, माझं घर पडलंय."

आठ दिवसांनी जासूद परत आला. "घर उभं आहे, सरकार. हत्तीने पाठ घासली तरी हलणार नाही. ओसरीवर एक म्हातारा तेवढा दिसला, पागोटं पायाला गुंडाळत बसलेला."

सगळे खो खो हसले. आचारी तर सर्वांत जास्त.

"हसू नका," शिपाई म्हणाला. "ते माझे वडील आहेत." आणि मग त्याने होतं ते सगळं सांगितलं. विहीर, शेजारीण, पौर्णिमा. कुणी हसलं नाही. आचाऱ्याने मान खाली घातली.

"हे त्या दिवशी बोलला असतास तर आज तू घरी असतास," किल्लेदार म्हणाला. "आता वर्षभर तुझा अर्ज मला घेता येत नाही. पौर्णिमेला चार दिवस आहेत. जा, वडिलांना इथे घेऊन ये."

शिपायाने वडिलांना पाठुंगळी घेऊन गड चढवला. म्हाताऱ्याला थंडी सोसेना. आपलं अंगण कुठे गेलं, म्हणून तो दिवसभर तटावरून शोधत फिरे. कुणीतरी पहाऱ्यावरचा सोबती त्याचा हात धरून त्याला परत आणी. आचारी स्वतःच्या हाताने त्याला भात भरवी, आणि जेवण विसरून तो पुन्हा पानावर बसला, तर पुन्हा वाढी.

वर्ष सरलं. शिपाई हजेरीत उभा राहिला. "सरकार, वडिलांना त्यांच्या घरी न्यायचंय."

या खेपेला किल्लेदाराने जासूद धाडला नाही. सगळ्या गडाने ते कारण वर्षभर डोळ्यांनी पाहिलं होतं.

तात्पर्य इतकंच: अडचण जशी असेल तशी सांगावी. खऱ्या दुःखाची लाज धरून खोटं पुढे केलं, तर आपल्या लाजेची शिक्षा आपल्या माणसाला भोगावी लागते.