तेवानबाबांची लोखंडी घंटा

ऐका बायांनो, तेवानबाबांची कहाणी. समुद्राकाठी आटपाट बंदर होतं. तिथं धुकं फार. परमुलखातून एक साधू तिथं उतरला, तेवान त्याचं नाव. येशूची गोष्ट सांगायला आला, पण तिथली भाषा येईना. हातात लोखंडी घंटा, पोटात भूक. मोरा नावाच्या कोळणीनं त्याला जेवू घातलं. त्यानं खुणेनं विचारलं, "माई, तुला काय देऊ?" तिनं धुक्याकडं बोट केलं. नवरा समुद्रात होता. मग साधूनं घंटा वाजवली. आवाजाच्या मागं मागं होडी घरी आली.

तिथंच छोटं चर्च उभं राहिलं. बाबांनी वसा दिला, "वाटसरूला आधी वाढावं, मग घंटा त्याच्या हाती द्यावी."

पुढं बाबा देवाघरी गेले. नगर वाढलं. ब्रेना राणीनं मोठं दगडी चर्च बांधलं. म्हणाली, "एवढी पवित्र घंटा झोपडीत कशाला?" घंटेला सोन्याचा मुलामा दिला, उंच शिखरात टांगली. तिथं वाटसरूचा हात पोचेना. वसा मोडला.

मग काय झालं? राणीच्या लेकाचं गलबत धुक्यात सापडलं. राणीनं दोर ओढला. घंटा हलली, वाजली नाही.

राणी आधी मोठ्या चर्चाच्या धर्मगुरूंकडं गेली. धर्मगुरू म्हणाले, "मेणबत्त्या लावा." लावल्या. घंटा मुकीच. मग नदीकाठच्या चर्चात गेली. जोगिणी म्हणाल्या, "उपास करा." केला. घंटा मुकीच. मग छोट्या चर्चात गेली. तिथं त्या मोरा कोळणीची पणती केर काढत होती.

"राणीबाई, जेवलात?"

"लेक बुडायला आलाय, अन् जेवण कसलं विचारतेस?"

"बरं, कुणाला वाढलंत तरी का?"

राणीला मोडलेला वसा आठवला.

"घंटा खाली आणा. अन् भाकरी तुम्हीच थापा, मी हात लावायची नाही."

राणीनं थापली. अर्धी कच्ची, अर्धी करपली. रस्त्यानं एक लंगडा मीठवाला चालला होता, त्याला वाढली. त्यानं चावून चावून खाल्ली. म्हणाला, "राणीसाहेब, राज्य तुम्हीच करा. चूल तेवढी दुसऱ्या कुणाला द्या."

राणी रडता रडता हसली. मग घंटा त्याच्या हाती दिली. त्यानं वाजवली. मुलामा झडला, आतलं लोखंड बोललं. धुक्यातून गलबत आलं. लेक उतरला, म्हणाला, "आई, तुझ्या हाताला करपल्याचा वास कसा?"

तेव्हापासून घंटा छोट्या चर्चात आहे. ती वाजल्यावाचून मोठं चर्च दार उघडत नाही.

तेवानबाबा राणीच्या लेकाला पावले, तसे तुमच्या आमच्या लेकरांना पावोत. साठा बोलांची कहाणी, पाचा घासांत गोड झाली.