असू द्या तसंच

खूप जुन्या काळची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक म्हातारा अंगणात बसून मिरच्यांची देठे खुडत होता. ऊन नेहमीसारखे होते. कोंबड्या नेहमीसारख्या उकिरडा उकरत होत्या. तेवढ्यात त्याच्या बायकोचा भाऊ पायवाटेने येताना दिसला, एकटाच.

"दाजी," तो उभ्यानेच म्हणाला, "आक्का गेली. तापाचं निमित्त झालं."

थोड्याच दिवसांपूर्वी ती माहेरी निघाली होती. उंबऱ्याशी थांबून तिने खुराड्याकडे बोट दाखवले होते. "अहो, आतलं तूस ओलं झालंय. मी येईपर्यंत असू द्या तसंच. तुम्ही हात लावाल, तर निम्मं अंगणभर सांडाल." विणायला घेतलेली टोपलीही तिने अर्धीच वळचणीला खोचली होती.

तेरावा झाला. पाहुणे पांगले. म्हाताऱ्याने खुराड्याला हात लावला नाही. निघण्याच्या घाईत तिने पाण्याची परात आत, कोंबड्या रात्री बसायच्या त्या दांडीखाली सरकवली होती. तीही तिथून हलली नाही.

सांजेला तो खुराड्याचे दार लावी, तेव्हा त्याला तिची हाक आठवे. "चितरे, चल गं! नवरीसारखी काय थांबलीस?" चितरी कोंबडी रोज सगळ्यांच्या शेवटी आत जाई. जाण्याआधी बायकोने तिच्याखालीच अंडी ठेवून पिले काढली होती. बायकोच्या हातची ती शेवटची पिले.

एके सकाळी ती पिले पिसे फुलवून कोपऱ्यात उभी दिसली. विष्ठेत रक्त होते. म्हाताऱ्याने बायकोसारखाच डाळिंबाच्या सालीचा काढा केला, एकेकाच्या चोचीत थेंब थेंब सोडला. तरी दोन पिले गेली.

तेव्हा चितरी बोलली.

"मालक, काढा चांगला आहे. पण सकाळी औषध पाजता आणि रात्री त्याच घाणीत निजवता. आम्ही दांडीवर बसतो, आमची घाण परातीत पडते, तेच पाणी पिले पितात. आम्हाला चोच आहे. हात तुम्हाला आहेत."

"ती म्हणाली होती, असू द्या तसंच."

"मी येईपर्यंत, असं म्हणाली होती," चितरी म्हणाली. "मालकीण गेली, हे आम्हाला कळलं. तुम्हाला कधी कळणार?"

म्हातारा मग उठला. आजारी पिले त्याने वेगळ्या दुरडीखाली ठेवली. ओले तूस खरवडून काढले आणि दूर नेऊन पुरले. नेता नेता निम्मे अंगणभर सांडले. ते पाहून तो एकटाच हसला, आणि मग झाडू घेऊन त्याने तेही गोळा केले. खुराड्याला ऊन दाखवले, राख भुरभुरली, कोरडे तूस पसरले. परात घासून बाहेर दगडावर ठेवली.

आणखी एक पिलू गेले. बाकीची जगली. त्यातल्या एका तलंगेने पुढे पहिले अंडे दिले, तेव्हा तूस बदलणे म्हाताऱ्याच्या अंगवळणी पडले होते. सांजेला तो हाकही मारू लागला होता. आवाज तिच्यासारखा नव्हता, पण कोंबड्या येत.

गेलेल्या माणसाची जागा जपायची असेल, तर त्याचे काम हाती घ्यावे.

वळचणीची टोपली पुरी करायची मात्र राहूनच गेली.