टरफलाचा दाम

"काजू झकास आहे हो, पण टरफलासकट! टरफल म्हणजे कचरा, आणि कचऱ्याला दाम कसला? मी निम्माच भाव देणार!"

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या किलंबा राज्यात, भर दरबारात परदेशी सौदागर कास्पारने शेतकऱ्यांना हे ठणकावून सांगितलं. सुलतान हमदून तेव्हा खारे काजूगर मटकावत होता. डबा कास्पारनेच विकला होता, शेराला एक सोन्याची मोहोर घेऊन! सुलतान हट्टी होता खरा, पण त्याहून जास्त खादाड होता.

"तीन दिवसांत बिनटरफलाचा काजू आणा," त्याने फर्मान सोडलं. "आणलात तर त्याचा पुरेपूर दाम मिळेल. नाहीतर निम्म्या भावात माल द्या!"

"कबूल!" कास्पार गालात हसला. काजू फोडायची अक्कल फक्त आपल्याच देशात आहे, असा बिचाऱ्याचा समज होता.

शेतकऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षभराची पोटाची सोय त्या काजूत होती. बिनटरफलाचा काजू कुठल्या झाडाला लागतो?

"बाबा, रडता काय?" हामिसी शेतकऱ्याची मुलगी म्वाजुमा म्हणाली. "गावातल्या सगळ्या बायकांना बोलवा. चुलीला लाकडं आणि हाताला फासायला राख आणा म्हणावं, टरफलाच्या चिकाने हात भाजतात."

तिसऱ्या दिवशी म्वाजुमा पोती घेऊन दरबारात आली. आत भाजून, फोडून, निवडून ठेवलेले काजूगर!

कास्पारने पोत्यात हात घालून पाहिलं. "बरं बाई, पूर्ण भाव देतो."

"तो तर कचऱ्यासकट मालाचा! निव्वळ गरांचा द्या. शेराला एक मोहोर!"

"हा भाव कुणी ठरवला?"

"तुम्हीच! सरकारांना विचारा."

"अगं, ते फोडायला माझ्याकडे शंभर माणसं राबतात!"

"आमच्याकडे दोनशे बायका राबल्या. गलबताचं भाडं तेवढं वजा करा, आम्ही काही लुटारू नाही!"

सुलतानाने पोत्यातला एक गर तोंडात टाकला. "अरेच्चा! चव तीच! म्हणजे मी माझ्याच राज्यातले काजू विकत घेत होतो?"

"हो सरकार. समुद्र फिरून आले आणि मीठ लावून आले, एवढंच!"

"मग मी गलबतात भरू तरी काय?" कास्पार कळवळला.

"गर परवडत नसतील तर टरफलं न्या की! कचऱ्याला दाम नसतो ना? फुकट घ्या!"

सुलतान इतका हसला, की त्याला ठसका लागला. डोळे पुसतच त्याने बंदरावरचं मोठं गोदाम काजू फोडायला गावच्या बायकांना देऊन टाकलं आणि त्याच्या किल्ल्या म्वाजुमाच्या हातात ठेवल्या.