नाव घातलेला डबा

निवडणूक आठ दिवसांवर आली आणि आमच्या सरपंचांना, हणमंतराव काटकरांना, गावाचा एकाएकी पुळका आला. त्यांनी घरोघरी स्टीलचे डबे वाटले. प्रत्येक डब्यावर त्यांचं नाव ठसठशीत घातलेलं. "डबा घेतलाय, मत विसरू नका," असा दमही सोबत. नको म्हणायची कुणाची छाती होईना, कारण घरकुलाच्या यादीवर सही त्यांचीच.

दुसऱ्या दिवशी शाळेत खिचडी रांधणारी यमुनाक्का गावातल्या बायकांना घेऊन त्यांच्या ओसरीवर आली. सगळ्यांच्या हातांत डबे.

"माझी भेट परत करता?" सरपंच कडाडले.

"नाही हो, दादा. लग्नकार्यात भांडी मिसळली की ज्याचं नाव त्याच्या घरी आपण पोचवतोच ना? ह्यांच्यावर तुमचं नाव आहे."

"आणि नाव घातलंच नसतं तर?"

"तर तुम्ही डबा दिलाच नसता."

सरपंचांनी रागानं एक झाकण उघडलं. आत साखर होती.

"दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये," यमुनाक्का मायेनं म्हणाली. "खुशाल खा, दादा. साखरेवर कुणाचं नाव नाही, आणि बदल्यात आम्हाला काही नको."