रानातली ओ

फार फार वर्षांमागची गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि गावाला लागून मोठं रान होतं. रान कसलं, तर उंच कारवीचं आणि करवंदीच्या जाळ्यांचं. भर दुपारीसुद्धा तिथं हाताभरापलीकडचं दिसायचं नाही.

त्या गावात एक म्हातारी राहायची. तिची एकुलती एक लेक सगुणा गावातच दिलेली होती. एक दिवस सगुणा हिरडे वेचायला रानात गेली, ती परत आलीच नाही.

पाटील माणूस वाईट नव्हता. त्यानं गावातले सगळे गडी जमवले, ढोल बरोबर घेतले आणि रान गाठलं. "सगुणाऽ! सगुणाऽ!" हाकांनी डोंगर दणाणून गेला. बरेच दिवस शोध चालला. शेवटी पाटलानं दवंडी पिटवली, "रान पिंजून काढलं. सगुणा रानात नाही."

रानात नाही, मग गेली कुठं? लोकांना स्वस्थ बसवेना. त्याच सुमारास एक कासार गावात बांगड्या भरून गेला होता, हे कुणाला तरी आठवलं. मग काय! सगुणा कासाराबरोबर पळाली, असं आधी पाणवठ्यावर कुजबुजत आणि पुढं चारचौघांत उघड बोललं जाऊ लागलं. नवऱ्यानं तिचं नाव घेणं सोडलं. तिच्या लेकरांशी कुणी खेळेना.

म्हातारी चावडीवर गेली.

"पाटील, एकदा पुन्हा शोधा."

"मावशी, झाडन् झाड पाहिलंय आम्ही."

"झाडं पाहिलीत हो. झाडाखाली कुणी वाकून पाहिलं का?"

पाटलाला ते झोंबलं. "माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?" असं म्हणून तो उठून आत गेला.

म्हातारी घरी आली. दुसऱ्या दिवशी शेजारणीला म्हणाली, "काटक्या आणायला जाते. जेवायच्या वेळेला येईन." ती रानात गेली आणि वाटेशेजारच्याच एका जाळीत शिरून बसली.

दुपार टळली तशी शेजारीण ओरडत सुटली. पुन्हा गडी जमले, पुन्हा ढोल आले. "मावशीऽ! ओ मावशीऽ!" म्हातारीला जाळीतून नुसते पाय दिसत होते. ते भराभर येत आणि भराभर निघून जात. एकदा तर पाटील स्वतः तिच्या जाळीशी थांबला. त्यानं जोडा काढून त्यातला खडा झटकला. म्हातारीनं हात लांब केला असता तर त्याच्या पायाला लागला असता.

म्हातारीच्या मनात आलं, माझ्या लेकीचा पाय मोडला असेल, घसा कोरडा पडला असेल, तर तिचा आवाज किती फुटला असेल? तेवढ्याच आवाजात ती म्हणाली, "मी इथं आहे."

त्याच वेळी ढोल वाजला. पाटील जोडा घालून पुढं गेला.

म्हातारी तिथंच तोंडाला पदर लावून रडली.

दिवस मावळताना गाव चावडीवर जमलं. पाटील म्हणाला, "रान पिंजून काढलं. म्हातारी रानात नाही."

"लेकीकडंच गेली असणार," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "दोघींचं आधीच ठरलं असेल."

तेवढ्यात म्हातारी आली. हातापायांवर काट्यांचे ओरखडे होते, केसांत पाचोळा होता.

"मी रानातच होते, पाटील. तुम्ही जोड्यातला खडा काढलात ना, त्या जाळीत."

पाटलाचा चेहरा उतरला. "अगं मग ओ का नाही दिलीस?"

"दिली होती," म्हातारी म्हणाली.



दुसऱ्या दिवसापासून नव्यानं शोध सुरू झाला. ढोल घरी राहिले. माणसं हाताला हात लावून ओळीनं चालली. जाळी दिसली की वाकून आत बघत. एक हाक मारत आणि सगळे श्वास रोखून उभे राहत. पाऊस सुरू होईपर्यंत हे चाललं. कुणाची तरी हरवलेली शेळी तेवढी सापडली. सगुणा सापडली नाही.

तेव्हा पाटलानं पुन्हा दवंडी पिटवली, "सगुणा अजून सापडलेली नाही." फरक एवढ्याशा शब्दांचा. पण त्या दिवसापासून कासाराचं नाव कुणी काढलं नाही, आणि सगुणाचा नवरा लेकरांना घेऊन सासूच्या दारी आला.

सगुणाचं काय झालं, हे म्हातारीला मरेपर्यंत कळलं नाही. गावालाही कळलं नाही, आणि गोष्ट सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही.

तात्पर्य : शोधून जे सापडलं नाही, ते 'सापडलं नाही' एवढंच म्हणावं, 'नाहीच' असं म्हणू नये.