चुड्याचं कसब आणि तीन पंडित

ज्या काळी देशांच्या सीमा डोंगर आणि नद्या ठरवत असत, त्या काळची ही गोष्ट.

एक डोंगराळ राज्य होतं. पायथ्याशी, नदीकाठी, दुसरं राज्य होतं. डोंगरात पळसाची झाडं उदंड, आणि पळसावर किड्यांनी केलेली लाख उदंड. डोंगरातली माणसं फांद्या खरवडून लाख गोळा करत आणि पोती भरून खाली पाठवत. खालचे कारागीर तिचे रंगीत चुडे करत. मग डोंगरातल्या लेकीचं लग्न ठरलं की तिचा बाप एक पोतं लाख देऊन चुड्यांचा एक जोड घेऊन येई.

पूर्वी हे चुडे डोंगरातच होत. पण तिथे एक रीत होती. कसब सुनेलाच शिकवायचं, लेकीला नाही, कारण लेक परक्या घरी जाते. खालचा चकचकीत माल आला, तशी एकेका घरातली भट्टी विझली. शेवटी हे कसब येणारी एकच म्हातारी उरली. तिची सूनही कसब शिकण्याआधीच नवऱ्यासोबत कामासाठी खाली निघून गेली होती.

एके दिवशी राजाने दरबारात विचारलं, "आपली माणसं दिवसभर राबतात. मग खालचा देश श्रीमंत आणि आपला गरीब, असं का?"

वृद्ध पंडित म्हणाला, "महाराज, आपण मागे आहोत, एवढंच. ते ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने आपणही पोचू. धीर धरावा."

दुसरा म्हणाला, "दोष भूमीचा आहे. आपल्याकडे खडक, त्यांच्याकडे गाळाची जमीन. यात माणसाचं काय चालणार?"

तिसरा तरुण होता. खालच्या देशात बारा वर्षं शिकून नुकताच परतला होता. तो तडक उभा राहिला. "महाराज, ते श्रीमंत आहेत म्हणूनच आपण गरीब आहोत! आपण कच्चं देतो, ते पक्कं करून आपल्यालाच देतात. मधला सगळा लाभ खाली राहतो."

तिघांची जुंपली. तेवढ्यात दाराशी बसलेली ती म्हातारी काठी टेकत पुढे आली.

"एका खाटेभोवती तीन वैद्य भांडताहेत," ती म्हणाली. "रोग्याला कुणी पाणी पाजलं का रे?"

दरबार हसला. राजाही हसला. "बोल आजी, काय हवं?"

"एक छप्पर आणि दहा पोरी. लेकी असोत, परक्या असोत, मी शिकवते. पण रीत मोडली तर गाव वाळीत टाकील, आणि कुणी आई पोरगी धाडायची नाही. म्हणून तुमचा शब्द हवा."

राजाने तरुण पंडिताकडे पाहिलं. त्याच्यावर राजाचा फार विश्वास होता.

"आजी," तरुण म्हणाला, "दहा पोरींनी राज्य वर येत नाही. आधी रोगाचं मूळ पुरतं सिद्ध होऊ दे. मग दहा नाही, दहा हजार पोरी शिकतील."

"तोवर हे हात थांबतात का, विचारून बघते," म्हातारी म्हणाली आणि आपल्या सुरकुतलेल्या हातांकडे बघत निघून गेली.

तरुण ग्रंथ लिहायला बसला. दर ऋतूला दरबार भरे, म्हातारी येई. दर वेळी तो आदराने उठून उभा राही आणि म्हणे, "थोडंच उरलंय, आजी." एकदा ती म्हणाली, "लेकरा, तुझं खरंच आहे. पण खरं थांबू शकतं, मी नाही." त्याने मान डोलावली आणि पुढचं पान घेतलं.

तिसऱ्या वर्षी पळस फुलले तेव्हा ग्रंथ पुरा झाला. इतका बिनतोड की बाकीच्या दोन्ही पंडितांनी हार मानली. राजाने हुकूम काढला, "कच्ची लाख खाली जाणार नाही. शंभर पोरी निवडा. म्हातारीला पालखीतून आणा."

पालखी घेऊन तरुण स्वतः गेला. दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "आजी जाऊन दहा दिवस झाले. शेवटपर्यंत विचारत होती, राजाचा शब्द आला का?"

शंभर पोरी जमल्या. लाख वितळवली, रंग घातला, चुडे वळले. सारे तडकले. धूर कसा दिसला की रंग घालायचा, हे कुणालाच माहीत नव्हतं. तरुण खालच्या देशात विचारायला गेला. कारागीर हसून म्हणाले, "पंडितजी, हे सांगितलं तर आम्ही खायचं काय?" इकडे अडवलेली लाख उन्हाळ्यात मऊ पडून पोत्यांनाच चिकटली. दोन वर्षांनी पोती पुन्हा मुकाट्याने उतरू लागली. पोरी पुन्हा फांद्या खरवडू लागल्या.

तो ग्रंथ मात्र अजून आहे. खालच्या देशाच्या मोठ्या विद्यापीठात तो शिकवतात. आपला देश गरीब का, हे समजून घ्यायला डोंगरातली हुशार मुलं दरवर्षी खाली जातात, आणि त्यातली थोडीच परत येतात.

तात्पर्य: देशाच्या गरिबीचं कारण जरूर शोधावं, पण त्या शोधापायी देशात उरलेलं कसब मरू देऊ नये.