मुंगीपासून म्हशीपर्यंत

तळ्यांना अजून मालक नव्हते, त्या काळची गोष्ट. एका उन्हाळ्यात माळावरचं तळं आटू लागलं, तेव्हा जनावरांनी सभा भरवली. सल्लागार म्हणून बगळा आला. त्याला उंच आसन हवं होतं, ते चंद्री म्हशीने आपल्या पाठीवर दिलं.

बगळ्याने बराच वेळ डोळे मिटून विचार केला. "पाणी पिण्याने संपतं," तो म्हणाला. "तेव्हा प्रत्येकाने निम्मंच प्यावं. मुंगीपासून म्हशीपर्यंत नियम एकच."

"आणि यांच्या डुंबण्याने पाण्याचा चिखल होतोय, त्याचं काय?" टिटवीने विचारलं. चंद्री आणि तिच्या बहिणी सभेलासुद्धा पाण्यात बसूनच हजर होत्या.

"डुंबणं म्हणजे पिणं नव्हे," बगळा म्हणाला. "उलट म्हशींची पाण्यावर सावली पडते. त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत."

ठराव मंजूर झाला. चिमण्या अर्ध्या चोचीने पिऊ लागल्या. सशाने तहान लागली की दुसरीकडे बघायची सवय लावून घेतली. मुंग्यांना काटकसरीवर भाषण ऐकवण्यात आलं. म्हशींनी पिणं कमी केल्याबद्दल त्यांचा सत्कार झाला, तोही त्यांनी डुंबता डुंबताच स्वीकारला.

उन्हाळा सरण्याआधीच तळ्यात नुसता चिखल उरला. पुन्हा सभा भरली. या वेळी चंद्री स्वतः बोलायला उठली.

"आजवर इथे फार अन्याय झाला," ती म्हणाली. "तळं आम्हीच वापरत आलो. आता उरलंय ते सगळ्यांचं. मुंगीलाही म्हशीइतकाच चिखल मिळाला पाहिजे."